सारे खाली हाय

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, ज्या वर्तमानपत्राला मी पांढुर्ण्याहून बातम्या पाठवत होतो तिथेही नाही. सांगायला बसलो की पहिलं वाक्य सापडत नसे. आता तुम्ही म्हणाल, पहिलं वाक्य शोधणं हाच तर तुमचा धंदा. खरं आहे. बातमीत कोण, कुठे, काय हे आधी टाकायचं असतं. पण इथे ‘कोण’च्या जागी मी आहे — आणि बातमीत आपण नसायचं, एवढं एकच मी नीट शिकलो होतो.

तेव्हा आधी बाकीचं सांगतो.

आमच्याकडे, मध्य प्रदेशाच्या या नागपूरकडच्या टोकाला, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा — सगळीकडे हेच. आई चुलीपाशी ज्या भाषेत रागावते त्या भाषेत तहसीलीत अर्ज चालत नाही. एकाच वाक्यात आम्ही दोन्ही भाषा वापरतो आणि आपण भाषा बदलली हे आम्हाला कळतही नाही. मला मात्र कळायचं. एका नागपुरी मराठी दैनिकाला मी बातम्या द्यायचो, अधूनमधून हिंदीतही लिहायचो. कोणता शब्द कुठे काय अर्थ देतो याचं भान ठेवणं हे माझं भांडवल होतं. बाहेरून आलेले अधिकारी दौऱ्यावर निघाले की मला गाडीत घेत. ‘आप चलिए, इनकी बोली आप समझते हैं.’ मी समजत होतो. हे लक्षात ठेवा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा एक पावसाळा. वर्ष मुद्दाम लिहीत नाही. जाम नदीचं पाणी पांढुर्ण्याच्या खालच्या गल्ल्यांत शिरलं आणि पुढे लोधीखेड्याच्या बाजूला नदीकाठच्या वस्त्यांची भिंतींसकट माती झाली. शाळा उघडल्या गेल्या. मुरमुरे-फुटाण्यांची पोती आली, जिनिंगवाल्यांनी बारदाना दिला — लोक तो अंगावर घेऊन बसायचे. बायकांनी रात्रंदिवस पोळ्या लाटल्या. संत्र्याच्या एका व्यापाऱ्याने आपला ट्रक तहसीलीला दिला. याच्या बातम्या मी पाठवल्या. त्या बरोबर होत्या.

नायब तहसीलदार नवीन होते, रीवाकडचे. मराठीचा गंध नाही. माणूस वाईट नव्हता. डोळे लाल झाले होते आणि बूट वाळत नव्हते. त्यांच्यावर काही ढकलण्यासाठी मी हे लिहीत नाही. सकाळी त्यांच्या जीपमध्ये मी मागे बसलो. आमच्या मागून तो ट्रक. त्यात पीठ, जाड तांदूळ, तिरपालं आणि पाण्यात टाकायच्या औषधी गोळ्यांचे डबे. पहिल्या शाळेत वाटप झालं, दुसऱ्या शाळेत झालं. मी फोटो काढले. एक फोटो फार चांगला आला आहे असं मला काढतानाच वाटलं: कमरेएवढ्या पाण्यात एक म्हातारा, आणि त्याच्या डोक्यावर शिवणयंत्र.

दुपारनंतर आम्ही एका गावाच्या अलीकडे थांबलो. गाव नाल्यापलीकडे होतं. सडकेवरून गावात जाणारा पूल वाहून गेला होता, त्यामुळे गावात कोणाला विचारायची सोय नव्हती. नाल्याच्या या बाजूला, सडकेपासून बरीच खाली, बौद्धांची वस्ती होती. होती — म्हणजे सडकेवरून आम्हाला फक्त बसलेली छपरं दिसत होती. त्यापलीकडे संत्र्याची एक बाग. मधल्या वावरात छातीएवढं पाणी तुंबलेलं.

त्या पाण्यातून एक माणूस वर आला. ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब काखेत धरून. नाव सुखदेव. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, नंतर कळलं. वय तिशीच्या आसपास, गळ्यापर्यंत चिखल, दात वाजत होते.

साहेबांनी जीपमधूनच विचारलं, ‘बस्ती में कोई है?’

‘सारे खाली हाय, साहेब,’ तो म्हणाला, आणि हाताने खालच्या बाजूला दाखवलं.

‘सब खाली है?’

‘हो साहेब, सारे खाली. एक बी वर नाई.’

तुम्हाला कळलं ना? मराठी वाचणाऱ्या कोणालाही कळेल. सगळे खाली आहेत, तिकडे, बागेतल्या टेकाडावर. वर सडकेला कोणीच आलेलं नाही. इतकं सरळ वाक्य. आणि रीवाच्या कानाला तेच वाक्य तितकंच सरळ ऐकू आलं: सगळं रिकामं आहे, एकही माणूस नाही. त्याचा हातसुद्धा साहेबांना पडलेल्या घरांकडेच गेलेला वाटला. नाहीतर दुसरीकडे कुठे वाटणार होता?

‘अच्छा किया, पहले ही निकल गए,’ साहेब म्हणाले आणि ड्रायव्हरला पुढे चलण्याची खूण केली. सुखदेवला वाटलं, गाडी पुढच्या बैलगाडीच्या वाटेने फिरून खाली येते आहे. त्याने हात जोडले. ‘जय भीम साहेब. म्या सांगतो सायऱ्याले, ट्रक येऊन राहिला म्हून.’ आणि तो ट्यूब घेऊन पाण्यात परत उतरला. साहेब तोवर पुढे सडकेकडे पाहत होते.

हे मी ऐकलं. शब्दन् शब्द. आणि समजलं ते तिथेच — घरी जाऊन विचार केल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी नाही. साहेबांनी ‘सब खाली है?’ विचारलं तेव्हाच मला समजलं की हे दोघं दोन वेगळ्या गोष्टी बोलून राहिले आहेत. माझं तोंड उघडलं होतं, असं मला आठवतं. की ते मी मागाहून जोडलं आहे? सांगता येत नाही. बोललो नाही, हे नक्की.

का?

सौंसरहून नागपूरची बस सुटायची. कंडक्टरच्या हाती मी फिल्मचा रोल आणि बातमीचं पाकीट द्यायचो. रात्रीपर्यंत ते पेपरच्या कचेरीत पोहोचायचं. त्या वस्तीसाठी ट्रक रिकामा करायचा म्हटला, तर दोर आणा, माणसं आणा, डोक्यावरून पोती न्या — संध्याकाळ तिथेच झाली असती. बस गेली असती. आणि तो शिवणयंत्राचा फोटो एक दिवस शिळा झाला असता. दुसऱ्या पेपरच्या बातमीदाराचा फोटो आदल्या दिवशी पहिल्या पानावर आला होता.

मनात आणखीही एक वाक्य आलं होतं — मागून दुसरा ट्रक येतच असेल. असेल का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

आणि एक गोष्ट, जी मी स्वतःशीही उशिरा बोललो. त्या खालच्या बाजूला माझ्या मामाचं गाव असतं, आमच्या जातीची घरं असती, तर मी गप्प बसलो असतो का? बसची वेळ मला तेव्हाही तेवढीच महत्त्वाची वाटली असती का? मी हे पुष्कळदा तपासलं आहे. दर वेळी एकच उत्तर येतं, आणि ते मला आवडत नाही.

जीप पुढे गेली. मी सौंसरला पाकीट दिलं. बातमीत एक वाक्य होतं: ‘नदीकाठची वस्ती वेळीच रिकामी करण्यात आल्याने जीवितहानी टळली.’ करण्यात आल्याने. कोणी केली? हे आमच्या क्रियापदाला सांगावं लागत नाही. म्हणून ते आम्हाला प्रिय. दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर आला. वस्ती रिकामी आहे हे आता छापून आलं होतं, त्यामुळे नंतरचे ट्रकही त्या वळणावर थांबले नाहीत.

खाली टेकाडावर लोक ट्रकची वाट पाहत होते. सुखदेवने सांगितलं होतं ना, येऊन राहिला म्हणून. त्या भरवशावर त्यांनी जवळचं होतं नव्हतं ते पीठ पहिल्याच संध्याकाळी लेकरांना करून घातलं. रात्री पाणी आणखी चढलं, ट्यूबवरही सडकेला येता येईना. पुढे भिजून मोड आलेली ज्वारी खाल्ली, बागेतली हिरवी, तुरट संत्री खाल्ली. पाणी पुराचंच प्याले. गोळ्यांचे डबे ट्रकमधून तहसीलीत परत गेले होते. पाणी ओसरून वाट झाली तोवर निम्म्या लोकांना हगवण लागली होती. सुखदेवच्या धाकट्या भावाची, नामदेवची बायको वच्छला महिना-दीड महिन्याची बाळंतीण होती. तिला बाजेवर घालून सौंसरच्या दवाखान्यात नेत असताना ती वाटेत गेली. मूल वाचलं.

आता तुम्हाला वाटेल, हीच कबुली. नाही. इथपर्यंत मी भित्रा होतो, स्वार्थी होतो. पुढे जे केलं त्याला दुसरा शब्द लागतो.

वस्तीतल्या लोकांनी तहसीलीत विचारलं, आमच्याकडे ट्रक का आला नाही? उत्तर मिळालं, तुमच्याच माणसाने सांगितलं की वस्तीत कोणी नाही. साहेबांनी मनापासून तसंच ऐकलं होतं. ते खोटं बोलले नाहीत. पण वस्तीत ते पोहोचलं ते असं — सुखदेवने सांगितलं, कोणी नाही. सुखदेव शपथा घेऊन म्हणत होता, मी ‘सारे खाली हाय’ म्हणालो. त्याला कोणीतरी म्हणालं, हिंदीत खाली म्हणजे रिकामं, तेवढंही तुला समजत नाही? दुसरा म्हणाला, समजते त्याले, म्हणूनच तर हे खाली-खालीचं सोंग काढलं. कारणंही सापडली. भावाचा संसार बघवत नव्हता. वाटणीत बैल भावाकडे गेला होता. अशी कारणं कोणाबद्दल सापडत नाहीत?

महिनाभराने मी ‘पुरानंतर’ अशी बातमी करायला त्या गावी गेलो. वस्तीचे लोक विहारात जमले होते. भिंती अजून ओल्या, बुद्धाची तसबीर बाहेर उन्हात वाळत ठेवलेली. मला पाहून सुखदेव उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उजळला — हे मी विसरू शकलेलो नाही.

‘हे पाय, भाऊ आले. भाऊ गाडीत होते. आता भाऊच सांगतीन.’

‘बसू दे त्यायले आंधी,’ एक म्हातारी म्हणाली. ‘आल्या आल्या साक्ष मागून राहिला. कोर्टातला वकील होय का तू?’

‘मावशी, तू चूप राय न वं.’

‘काऊन चूप राहू? तुह्या खालीच्या पायी माही पोट्टी गेली.’ ती वच्छलेची आई होती.

नामदेव भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर ते मूल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘पेपरवाले भाऊ, बाकी काई नोका सांगू. यानं सारे खाली हाय म्हनलं, का कोनी नाई म्हनलं? तुमाले आयकू आलं असन तं तेवढं सांगा. तुमी म्हनान ते मी मानतो.’

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. तो भावावर विश्वास ठेवायला तयार होता. त्याला फक्त एक माणूस हवा होता, ज्याचं त्या वादात काही गुंतलेलं नाही असा.

मी ‘हो’ म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न तयार होता. तुम्हाला ऐकू आलं, तुम्हाला मराठी येते, तुम्ही साहेबांच्या मागेच बसले होते — मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं? तो प्रश्न कोण विचारेल हेसुद्धा मला दिसत होतं. म्हातारीनेच विचारला असता.

मी म्हणालो, ‘जीपचं इंजिन चालू होतं. मला नीट ऐकू आलं नाही.’

इंजिन खरंच चालू होतं. पहिलं वाक्य अगदी खरं आहे. तुम्हाला असं वाटतं का की खोटं बोलणारा माणूस सगळं खोटं बोलतो? तो एक खरी वस्तू आधी पुढे ठेवतो.

सुखदेव उभाच होता. माझ्याकडे पाहत राहिला, रागाने नाही — जणू मी त्याच्यासाठी आणखी आठवायचा प्रयत्न करतो आहे आणि तो थांबायला तयार आहे. मग खाली बसला. नामदेवने मूल उचललं आणि बाहेर निघून गेला. त्या दिवसापासून त्या दोघा भावांत बोलणं राहिलं नाही. वस्तीत सुखदेवचं नावच पडलं — खाली. ‘काय खाली, कुठं चालला?’ ‘खाली आला रे, भांडे झाका.’ पोरं हौदावरून ओरडायची. नाव पडायला कारण लागतं, मिटायला साक्षीदार. साक्षीदाराला ऐकू आलं नव्हतं.

तो तिथे टिकला नाही. बायको-पोरांना घेऊन तिगावला आला आणि मोसमात संत्र्याच्या पेट्या भरण्याचं काम करू लागला, इतर वेळी मिळेल ते. पॅसेंजर तिगावला थांबायची, तेव्हा कधी कधी तो मला फलाटावर दिसायचा. एकदा मी उतरलो होतो. त्याने मला ओळखलं, बाजूला नेलं, चहा पाजला. पैसे देऊ दिले नाहीत. घरचे कसे आहेत विचारलं. माझ्या मुलीसाठी सहा संत्री पिशवीत घातली, एक एक दाबून पाहून.

मग कप ठेवता ठेवता म्हणाला, ‘भाऊ, एक विचारू? आता मलेच समजून नाई राहिलं म्या काय म्हनलं होतं. पयले पक्कं आठवे. आता सारे जन म्हनते तू कोनी नाई म्हनलं, तं मलेबी तसंच आयकू येते. रातच्यानं बसून बसून मी तेच बोलून पायतो. तुमाले काई आठवते का?’

आजूबाजूला कोणी नव्हतं. म्हातारी नव्हती, नामदेव नव्हता. इथे मला कोणता प्रश्न अडवणार होता? त्याने माझ्याकडून काही वसूल केलं नसतं. मी ‘तू बरोबर बोलला होतास’ एवढं म्हटलं असतं तर तो ‘मग तुम्ही का नाही सांगितलं’ असंही बहुधा म्हणाला नसता. त्याला फक्त त्याचं वाक्य परत हवं होतं.

मी म्हणालो, ‘नाही हो. फार दिवस झाले.’

‘हो, तेबी खरं हाय,’ तो म्हणाला. ‘चूक माहीच असन.’

गाडी आली. मी चढलो. पिशवी हातात होती.

पुराच्या दिवशी सडकेवर तो काय बोलला होता, ते इथे लिहून ठेवतो. तो म्हणाला होता, ‘सारे खाली हाय, साहेब,’ आणि हाताने बागेकडे दाखवलं होतं. तो बरोबर बोलला होता. मला ऐकू आलं होतं. मला समजलं होतं.

दशक सरता सरता तो गेला. पोटाचा आजार होता, नागपूरला नेलं होतं, उशीर झाला. त्याच्या मुलाने मला निरोप पाठवला, कारण वडील माझं नाव घेत असत — चांगलं नाव. अंत्यसंस्कार त्याच्या जुन्या गावी, नाल्याकाठी झाले. वंदना झाली. मग त्यांच्याकडे रीत आहे त्याप्रमाणे गेलेल्या माणसाबद्दल चार जणांनी चार शब्द बोलायचे. कोणीतरी माझं नाव पुकारलं: पांढुर्ण्याचे पत्रकार, सुखदेवभाऊंचे जुने ओळखीचे.

नामदेव आला होता. गर्दीत नव्हता; मागे एका बाभळीपाशी उभा होता, शेजारी एक मुलगी — वच्छलेचं ते मूल, आता मोठं झालेलं. मी बोलायला उभा राहिलो तसा तो तिथून निघाला आणि लोकांतून वाट काढत पुढे आला — इतका पुढे, की मला त्याच्याकडे न पाहता बोलता येईना. तो ऐकायला आला होता.

मी म्हणालो, सुखदेव कष्टाळू होता. मनमिळाऊ होता. त्याने कोणाचं वाईट चिंतलं नाही. त्याला माझी आदरांजली.

लोकांनी माना हलवल्या. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. नामदेव आणखी थोडा वेळ माझ्याकडे पाहत उभा राहिला, मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवून वळला, आणि भावाच्या चितेकडे न जाता सडकेच्या बाजूने निघून गेला.